मुक्त प्रवेशाची रांग

शनिवार, दिनांक बारा जुलै रोजी सकाळी साडेदहा वाजता श्री. शंतनू हिर्लेकर हे सहकुटुंब मॉरिसव्हिल येथील एका सार्वजनिक बागेत, फ्रेंच सांस्कृतिक महोत्सवाच्या ठिकाणी हजर झाले, आणि त्यांना आत जाताना कोणीही अडवलं नाही. पुढे जे काही बिघडलं ते इथूनच बिघडलं.

कुटुंबात पत्नी हिमानी, दहा वर्षांची मुलगी रुही आणि सहा महिन्यांसाठी अमेरिका बघायला आलेले सासरे रवींद्र देवपुजारी, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, एवढी मंडळी होती. अण्णांनी एका जिल्हा कचेरीच्या आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली होती आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला करमत नव्हतं. पण आजचा दिवस रुहीचा होता. शाळेत दोन वर्षं फ्रेंच शिकल्यावर तिनं आठ ओळींची एक कविता स्वतः रचली होती. महोत्सवाच्या पत्रकावर लिहिलं होतं की दुपारी दोन वाजता ओपन स्टेज आहे, कुणीही या, हवं ते सादर करा. तीन आठवडे बाथरूमचं दार लावून तिची तालीम चालली होती. कवितेचा अर्थ तिनं कुणाला सांगितला नव्हता. तिची एकच अट होती: बाबांनी पुढच्या बाकावर बसायचं आणि फोन आईकडे द्यायचा. शाळेच्या कार्यक्रमाच्या वेळी बाबांच्या कंपनीची सिस्टिम बंद पडली होती, आणि सॉकरच्या फायनलच्या दिवशी ते व्हिसाचा शिक्का घ्यायला परदेशी होते. ह्या वेळी शंतनूनं गाडीतच फोन बायकोच्या पर्समध्ये टाकला होता. त्याला खरंच ती कविता ऐकायची होती, हे आधीच नमूद करून ठेवलेलं बरं.

प्रवेशापाशी निळ्या-पांढऱ्या-लाल फुग्यांची कमान होती. कमानीखाली एक बाई उभ्या होत्या. त्या "बोंजूर" म्हणाल्या आणि हसल्या.

"बोंजूर," शंतनू म्हणाला. "चेक-इन कुठे आहे?"

बाईंनी समोरच्या सगळ्या हिरवळीकडे हात फिरवला.

तिकीट नाही, मनगटाला पट्टी नाही, स्कॅन करायला काही नाही. अमेरिकेत अकरा वर्षं काढलेल्या शंतनूला कागद न दाखवता कुठेही आत घेतल्याचं आठवत नव्हतं. त्याच्या हातात निळी फाईल होती. तीत चौघांच्या पासपोर्टच्या प्रती, घराच्या कराराची प्रत, दोन महिन्यांची विजेची बिलं आणि रुहीच्या लसीकरणाचा तक्ता होता. ही फाईल तो मॉलमध्येसुद्धा नेई. मागितलं आणि आपल्याकडे नाही, असं व्हायला नको. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर दर महिन्याला काही दिवसांनी पुढे सरके, आणि एखाद्या महिन्यात सरकारच्या मनात आलं की दोन वर्षांनी मागे जाई. अशा माणसाला नुसत्या हसण्यावर आत सोडलं की तो फाईल आणखी घट्ट धरतो.

"यार हिमानी, असं कसं कुणी काही विचारत नाही? नंतर बाहेर काढलं तर?"

"बागेतून?" हिमानी म्हणाली. "तू चल. मी आणि रुही क्रेप खाऊन येतो, ती फ्रेंच धिरडी. अण्णांना कुठेतरी बसव, त्यांचे गुडघे दुखतायत."

मोठ्या ओक झाडाखाली एक टेबल आणि खुर्ची रिकामी होती. मुलांचे चेहरे रंगवणारी कलाकार तिथे बसायची होती, पण ती आलीच नव्हती. टेबलावर रंगांचा डबा आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा मात्र होता. अण्णा खुर्चीत टेकले. सवयीनं त्यांनी गठ्ठा ठोकून सरळ केला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. शंतनू फाईल घेऊन समोर उभा राहिला आणि पाणी हवं का म्हणून विचारू लागला.

एवढंच झालं होतं. पण त्याच वेळी नकुल नावाचा एक पुण्याचा गृहस्थ बायको आणि मुलासह तिथून जात होता. त्याला टेबल दिसलं, टेबलामागे चष्मा लावलेले वयस्कर गृहस्थ दिसले, कागद दिसले आणि समोर फाईल घेतलेला माणूस दिसला. तो शंतनूच्या मागे जाऊन उभा राहिला. आपल्याकडे आधी जागा धरतात, चौकशी नंतर. मिनिटभरात त्याच्या मागे आणखी दोन कुटुंबं आली.

"लाइन कशाची आहे?" नीट उभं राहून झाल्यावर नकुलनं विचारलं.

हे प्रकरण इथे थांबू शकलं असतं. ही रांग नाही, हे त्या बागेत फक्त शंतनूला माहीत होतं आणि ते सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण त्यानं मागे वळून पाहिलं तर मागे नऊ माणसं होती आणि पुढे कुणीच नव्हतं. अकरा वर्षांत तो पहिल्यांदा कुठल्यातरी रांगेत पहिला होता.

"रजिस्ट्रेशन असावं," तो म्हणाला.

"शंतनूराव, हा काय प्रकार?" अण्णा हळूच म्हणाले.

"अण्णा, नुसती नावं लिहून घ्या ना. लोक थांबलेत."

"नावं नुसती लिहून घेत नसतात," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला एकदम वजन आलं. "रकाने पाडावे लागतात."

रकाने पाडले गेले: अनुक्रमांक, संपूर्ण नाव, सोबतच्या व्यक्ती, पत्ता, ईमेल, येण्याचं प्रयोजन आणि शेरा. अनुक्रमांक एकला हिर्लेकर कुटुंबाची नोंद झाली. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांनी 'कागदपत्रं पूर्ण' असं लिहिलं. शंतनूला ते वाचून जे समाधान झालं ते त्याला कुठल्याही बढतीनं झालं नव्हतं.

"प्रयोजन?" अण्णांनी नकुलला विचारलं.

"काका, असंच. फिरायला. क्रेप वगैरे खाऊ."

"असंच हे प्रयोजन नाही. खाद्य, सांस्कृतिक की किरकोळ?"

"मग खाद्य लिहा. आणि कुश व्हायोलिन वाजवणार आहे स्टेजवर."

"म्हणजे मिश्र. मिश्र प्रकरणाला दोन टोकन लागतील."

टोकन म्हणजे कागदाचा हाताएवढा तुकडा. त्यावर अण्णा आकडा घालत, लफ्फेदार सही करत आणि शेवटी पाण्याच्या बाटलीचं झाकण निळ्या रंगात बुडवून गोल शिक्का उमटवत. शिक्का बघून लोकांच्या चेहऱ्यावरचे संशय फिटले. अर्ध्या तासात रांग झाडाला वळसा घालून तळ्यापर्यंत गेली. आता तीत सगळ्या जातीधर्माचे आणि देशांचे लोक होते. एक अमेरिकन जोडपं घडीच्या खुर्च्या घेऊनच आलं होतं. ही कशाची रांग आहे ते आम्हाला माहीत नाही, पण फार छान चाललीय, असं ते सगळ्यांना सांगत होते. एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ तर डोळे पुसत होते. चाळीस वर्षांपूर्वी देश सोडल्यानंतर आपल्या गावच्या कचेरीची इतकी आठवण करून देणारं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. ह्या महोत्सवात अस्सल फ्रेंच असं हे एकच टेबल आहे, असं त्यांनी शंतनूचा हात हातात घेऊन सांगितलं.

आता टोकन मिळालं की ते कुठेतरी दाखवावंसं वाटणारच. क्रेपच्या स्टॉलवर पहिल्या माणसानं ते दाखवलं तेव्हा तिथल्या बाईला काही कळलं नाही, पण तिनं ते निरखून पाहिलं आणि मान डोलावली. त्याच्या मागच्या बाईकडे टोकन नव्हतं. तिच्या मागच्या चौघांकडे होतं. त्या चौघांनी असा काही आवाज चढवला की क्रेपवाल्या बाईनं, भांडण नको म्हणून, पुठ्ठ्यावर 'टोकन असल्यासच' असं लिहून टांगलं. चीजवाल्यानं तिचं बघून टांगलं. अत्तरवाल्या स्टॉलवर फक्त वास घ्यायचा होता, तिथे 'वास घेण्यापूर्वी टोकन दाखवावे' अशी पाटी लागली.

बारा वाजता खोट्या टोकनांचा सुळसुळाट झाला, कारण बाटलीची झाकणं सगळ्यांकडेच होती. अण्णांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी शांतपणे पडताळणीची दुसरी रांग लावली. पडताळणीला फोटो असलेलं ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागे.

"पार्कमध्ये विजेचं बिल कोण आणतं?" एकजण ओरडला.

शंतनूनं फाईल उघडून दोन महिन्यांची बिलं वर धरली. रांगेतून कौतुकाचा एक उसासा उठला. त्या क्षणापासून तो रांगेचा व्यवस्थापक झाला. नेमणूक कुणी केली नाही, पण राजीनामाही कुणी मागितला नाही.

महोत्सवाच्या अध्यक्षा मादाम ओदील साडेबाराला झाडापाशी आल्या. ही व्यवस्था बागखात्यानं केली असणार, अशी त्यांची समजूत होती. बागखात्याच्या माणसाची समजूत होती की ही फ्रेंचांची पद्धत आहे. नक्की काय ते विचारायला मादाम थेट टेबलाकडे निघाल्या, तेव्हा सात-आठ जण एकदम म्हणाले, "लाइन इकडे आहे, मॅडम!" मादाम सुसंस्कृत होत्या. त्या माफी मागून शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा क्रमांक दोनशे बारा होता.

ऊन वाढलं. बास्तीय नावाचा फ्रान्समधला तुरुंग लोकांनी पाडला, त्याची आठवण म्हणून हा महोत्सव असतो. त्यासाठी पुठ्ठ्याचा दहा फुटी किल्ला उभारला होता, आणि चार वाजता मुलांनी तो फोडायचा होता. अण्णांच्या डोक्यावर ऊन येतंय हे पाहून चार कार्यकर्त्यांनी तो किल्ला उचलून त्यांच्या टेबलामागे आणून लावला. सावलीही झाली आणि कचेरीला भिंतही मिळाली. आता किल्ला फोडायला अण्णांची परवानगी लागणार होती आणि अण्णा म्हणाले, शासकीय मालमत्तेची मोडतोड हा वेगळा विषय आहे.

पावणेदोनला रुही आणि हिमानी आल्या. रुहीनं निळा फ्रॉक घातला होता आणि तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"बाबा, चला. इट्स ऑलमोस्ट टू."

"टोकन?" शंतनूनं विचारलं.

"व्हॉट टोकन? इट्स ओपन स्टेज, बाबा. ओपन म्हणजे ओपन."

"हो पिल्लू, पण आता सांस्कृतिक वर्गाची वेगळी लाइन आहे. अण्णाआजोबांकडून टोकन घ्यायचं, मग स्टेज. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम नव्हतं. सांस्कृतिक वर्गाच्या रांगेत व्हायोलिन, हूला हूप, बासरी आणि एक जादूचा ससा अशी शेहेचाळीस मुलं उभी होती. हिमानी तडक टेबलापाशी गेली.

"अण्णा, रुहीला आधी सोडा. तिची दोन वाजता कविता आहे."

"हिमानी, बत्तीस वर्षांत मी नातेवाइकाचा कागद कधी वर घेतला नाही," अण्णा मान वर न करता म्हणाले. "तुझ्या लग्नाच्या नोंदणीचाही नाही."

"माहितीये. पाच महिने लागले होते."

"नियमानं लागले."

रुहीला सत्तेचाळीस नंबर मिळाला. शंतनूनं तिचा खांदा थोपटला आणि तिला कुशच्या मागे उभं केलं. आपण पहिले असून आपल्या मुलीला शेवटी उभं करतो आहोत, ह्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. सगळे बघत होते.

दोन वाजले. तळ्याकाठी स्टेज तयार होतं. माइक चालू होता, पुढे सहा बाक मांडले होते. स्टेजवर कुणी नव्हतं आणि बाकांवरही कुणी नव्हतं, कारण सादर करणारे एका रांगेत होते आणि बघणारे दुसऱ्या. सव्वादोन झाले. रांग दोन मुलांनी पुढे सरकली, त्यातल्या एकाला पालकांच्या सहीसाठी परत पाठवलं. अडीच वाजता रुहीनं एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे पाहिलं, सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी कुशच्या हातात दिली आणि ती चालायला लागली.

ती धावली नाही. हिरवळ ओलांडून गेली, तीन पायऱ्या चढली, माइक स्वतःच्या उंचीला खाली घेतला आणि तिनं कविता सुरू केली.

तिचा आवाज सगळ्या बागेत ऐकू आला. शंतनूला फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं. पण घरी एका शब्दात उत्तर देणारी ही मुलगी इतक्या मोकळ्या आवाजात बोलू शकते, हे त्याला माहीतच नव्हतं.  पुढचा बाक रिकामा होता आणि त्याचे पाय तिकडे निघालेही होते. दुसऱ्या ओळीत रुहीनं त्याच्याकडे बोट केलं आणि ती हसली. रांगेतले फ्रेंच गृहस्थही शंतनूकडे बघून हसले.

"हे बरोबर नाही हं," मागून नकुल म्हणाला. "आमचा कुश दीड तास उभा आहे."

"लाइन मोडली तिनं."

"कुणाची मुलगी आहे?"

"त्यांचीच! मॅनेजर आहेत ना, त्यांची!"

"मग काय, घरचाच कारभार."

चारशे माणसं शंतनूकडे बघायला लागली. तो आयुष्यात कधी रांग मोडून पुढे गेला नव्हता. कुणी तसं म्हणेल ह्या कल्पनेनंही त्याला रात्री झोप लागत नसे. चौथी ओळ चालू असताना तो स्टेजच्या पायऱ्या चढला. आपले बाबा जवळून ऐकायला आले, असं रुहीला वाटलं आणि ती बाजूला सरकली. शंतनूनं माइक हातात घेतला.

"सॉरी एव्हरीवन," तो म्हणाला. "माय डॉटर विल वेट फॉर हर टर्न."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी त्या स्टेजला मिळालेल्या ह्या पहिल्या आणि शेवटच्या टाळ्या. अमेरिकन जोडपं तर खुर्च्यांवरून उठून उभं राहिलं.

रुहीला त्यानं हाताला धरून परत आणलं. ती रडली नाही, तिनं हट्टही केला नाही. मधेच रांग सोडल्यामुळे तिचा सत्तेचाळीस नंबर रद्द झाला होता, हे अण्णांनी खेदानं सांगितलं. नवा नंबर एकशे तीन होता.

पाचला बाग बंद झाली तेव्हा सांस्कृतिक वर्गाचे एकोणीस अर्ज निकाली निघाले होते. त्यांपैकी कुणीही काहीही सादर केलं नव्हतं, कारण स्टेजचा माइक चारलाच काढून नेला होता. किल्ला शाबूत होता. उरलेल्या अर्जांवर अण्णांनी 'प्रलंबित' असा शेरा मारला. पाचला दहा मिनिटं कमी असताना मादाम ओदील टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांनी अण्णांना आपण कोण, असं विचारायला तोंड उघडलं, पण तोवर त्यांची नजर यादीवर गेली. दोनशे अकरा कुटुंबांची नावं, पत्ते, ईमेल आणि प्रयोजनं सुवाच्य अक्षरात मांडलेली होती. नऊ वर्षांत महोत्सवाला किती माणसं येतात, हेसुद्धा त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या दोन्ही गालांना गाल लावले. अण्णांनी ते शेऱ्याच्या रकान्यात नोंदवलं नाही. अण्णांचा व्हिसा नोव्हेंबरात संपणार असल्यामुळे पुढच्या वर्षीची जबाबदारी शंतनूवर आली.

 परतताना गाडीत शंतनूला लाज वाटत होती, पण नेमकी कशाची ते ठरत नव्हतं.

"रुही," शेवटी तो म्हणाला, "उरलेल्या चार ओळी म्हण ना. आता ऐकतो."

"इट्स ओके, बाबा," रुही खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"निदान अर्थ तरी सांग."

"इट्स ओके."

त्यानंतर तिनं फ्रेंच सोडून स्पॅनिश घेतलं. कारण कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचा ऑनलाइन फॉर्म मार्चमध्ये निघाला. तो शंतनूनंच तयार केला. मादाम ओदील यांच्या आग्रहावरून त्याच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरात लिहिलं आहे की प्रवेश सर्वांना मुक्त असून हा फॉर्म भरण्याची कुणालाही गरज नाही. पहिल्या अकरा मिनिटांत तो सहाशे तीस जणांनी भरला. त्यातल्या बहुतेकांनी 'मूल काय सादर करणार' ह्या रकान्यात 'नंतर कळवतो' असं लिहिलं आहे. यादीत पहिलं नाव रुही हिर्लेकर हिचं आहे, आणि हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्या मुलांची नावं यादीत दिसली नाहीत. जागा थोड्याच उरल्या आहेत. मुलांना काय, नंतर विचारता येईल.